तिसऱ्यांदा विचारणारी

लिसनाग्राच्या वृद्धाश्रमात मी बावीस वर्षं स्वयंपाक केला. या बावीस वर्षांत चार व्यवस्थापक आले नि गेले, छप्पर दोनदा बदललं, आणि अट्रॅक्टा गिलमार्टिन या आमच्या नर्सबाईशी माझं निदान दोनशे वेळा भांडण झालं. ती वेळी-अवेळी स्वयंपाकघरात शिरून चहा मागायची, आणि तोही स्वतःसाठी नाही. तिला कुणाला तरी काहीतरी विचारायचं असायचं, आणि रिकाम्या हातांनी विचारायला जाणं तिला जमत नसे.

तिच्याबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली, निरोपाच्या भाषणांत जो तो उठून ती किती प्रेमळ आहे तेवढंच सांगत बसला, आणि माझं डोकं फिरलं. प्रेमळ माणसं आमच्या गावात पैशाला पासरी. अट्रॅक्टा हट्टी होती. तिच्या हट्टापायी एक माणूस जगला आणि बरीच माणसं त्यांना हवी तशी गेली. हे कुणीतरी सांगायला हवं, आणि भाषणवाल्यांना ते सुचलं नाही.

ती डोंगराच्या पायथ्याच्या एका दोन खोल्यांच्या घरातली. सात भावंडांत पाचवी, म्हणजे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी जन्मलेली. वडील पॅकी, आठ गाई राखायचे. ती मँचेस्टरला जाऊन नर्स झाली, आणि तिथे चांगलं चाललेलं असताना एके दिवशी बोचकं बांधून परत आली. का, तर म्हणे तिथली माणसं प्रश्नाचं सरळ उत्तर देतात, मग बोलायला उरतं काय.

परत येऊन वर्ष झालं आणि पॅकी आजारी पडले. दुपारी तीनच्या सुमाराला इस्पितळातल्या नर्सनं त्यांना विचारलं, घरी कळवू का. पॅकी म्हणाले, "नको, नको. दूध काढायची वेळ आहे. कशाला उगाच त्रास." नर्स बरं म्हणाली आणि गेली. सहा वाजता पॅकी गेले. सातच्या सात मुलं तासाभराच्या अंतरावर होती, त्यातली तिघं खरोखरच दूध काढत होती.

"ती नर्स वाईट नव्हती गं, कार्मेल," अट्रॅक्टा मला एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाली. "तिनं विचारलं. पण एकदाच विचारलं."

एकदा विचारणं म्हणजे आमच्याकडे न विचारल्यातच जमा. कुणाच्या घरी गेलात आणि चहा विचारला, तर पहिलं "नको" रीत म्हणून म्हणायचं. दुसरं "नको" म्हणायचं ते समोरच्याला खरंच द्यायचाय का हे बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की मग, "बरं, एवढा आग्रहच आहे तर अर्धा कप," आणि मग तीन कप. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस एक तर हावरट, नाही तर डब्लिनचा. माझी आई तर आयुष्यभर स्वतःच्या घरातसुद्धा पावाचा शेवटचा तुकडा तीनदा नाकारून मग खायची.

तर अशा गावात डब्लिनहून डॉक्टर ओरन आले. तरुण, हुशार, बुटांना पॉलिश. वरून हुकूम आला होता की आश्रमातल्या प्रत्येकाला त्याच्या शेवटाबद्दल विचारून लिहून ठेवायचं. आजार बळावला तर इस्पितळात न्यायचं का, हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा चालू करायचं का, शेवटी जवळ कोण हवं. कल्पना काही वाईट नव्हती. डॉक्टरांनी एकतीस माणसं दीड दिवसात उरकली आणि स्वयंपाकघरात येऊन समाधानानं बसले.

"काय समजूतदार माणसं आहेत हो इथली," ते म्हणाले. "एकतीसपैकी एकोणतीस जणांनी सांगितलं, इस्पितळ नको, काही नको. मरणाशी इतकी मैत्री मी कुठे पाहिली नाही."

"आणि उरलेले दोन?" अट्रॅक्टानं विचारलं.

"एकांनी हो म्हटलं. ते मूळचे लिव्हरपूलचे आहेत ना? आणि कॉलीबाईंनी मला प्रश्न संपायच्या आत चहा आणायला पिटाळलं."

अट्रॅक्टानं कागद उचलले. एकेक वाचत गेली तशी तिची मान लाल होत गेली. मी पळी खाली ठेवली, कारण तिची मान लाल झाली की कुणाचं तरी काहीतरी व्हायचं. तिनं प्रत्येक कागदाखाली डॉक्टरांनी लिहून घेतलेले शब्द मोठ्यानं वाचले. "कशाला त्रास." "माझं काय, तरुणांना बघा." "तुम्हाला कामं कमी आहेत का." "नको, बरंय असंच."

"डॉक्टर," ती म्हणाली, "कार्मेलनं आज मनुकांचा पाव केलाय. तुम्ही जरा दिवाणखान्यात जाऊन एकेकाला विचारून या, तुकडा हवा का."

बिचारे गेले. बारा जणांना विचारून परत आले. बाराही जण नको म्हणाले होते.

"कुणालाच भूक नाही," ते म्हणाले.

अट्रॅक्टानं माझ्याकडून लोणी लावलेले बारा तुकडे घेतले, जाऊन प्रत्येकाच्या शेजारी एकेक ठेवला, "असू दे, असू दे, नसेल खायचा तर राहू दे," म्हणत फिरली, आणि परत येऊन डॉक्टरांसमोर बसली. वीस मिनिटांनी तिनं त्यांना बशा गोळा करायला धाडलं. बारा बशा रिकाम्या होत्या. एकीत तर चुराही उरला नव्हता आणि कॉलीबाई विचारत होत्या, "पावाचा कडेचा तुकडा कुणाला मिळाला?"

डॉक्टरांनी बशांची चळत खाली ठेवली आणि कागद पुन्हा हातात घेतले. माणूस मुळात चांगला होता, हे मला तेव्हाच कळलं. दुसरा एखादा रागावला असता. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे हे कागद…"

"हे कागद म्हणजे पहिलं नको," अट्रॅक्टा म्हणाली. "मला वेळ द्या."

तिनं आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं सुरुवात केली. प्रत्येकाला, डॉक्टरांचं नको धरून, तीन वेळा विचारायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी. हातात कागद न्यायची नाही. माझ्याकडून वाटाण्याच्या शेंगा न्यायची, गुंतलेली लोकर न्यायची, पत्ते न्यायची. हात कामाला लागले की माणूस डोळ्याला डोळा न भिडवता बोलतो, असं तिचं म्हणणं. मला वाटाणे वेळेवर मिळायचे नाहीत, त्यावरून आमची भांडणं व्हायची, पण ते असो.

कॉलीबाई पूर्वी टपाल कार्यालय चालवायच्या. त्यांनी पहिल्यांदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, "अट्रॅक्टा, तू पॅकीची मुलगी, म्हणून सांगते. मला खरंच नकोय. मी साठ वर्षं लोकांची पत्रं त्यांच्या दारापर्यंत पोचवली, मला माझ्याच पलंगावर पोचव. आणि कुत्रा वर येऊ दे." नोव्हेंबरात त्या तशाच गेल्या, सकाळी अकरा वाजता, पायाशी पुतण्याचा कुत्रा. जिवाला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडली, आम्ही सगळे निरोपाला दारापर्यंत दोन रांगांत उभे राहिलो, आणि मी रडले ते काही दुःखानं नाही. इतकं नीटनेटकं मरण मी आधी पाहिलं नव्हतं. तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं की सगळे जगायलाच धावतात असं मुळीच नाही.

पण आडनावाच्या क्रमानं जायचं म्हणजे टॅन्सी शेवटी येणार.

मॅलकी टॅन्सी आणि त्याची थोरली बहीण ऊना. दोघंही बिनलग्नाची, आई गेल्यापासून एकाच घरात राहिलेली. ऊनाला विसरायला होऊ लागलं, चूल पेटती ठेवून ती रस्त्यावर जाऊ लागली, तेव्हा मॅलकी तिला आमच्याकडे सोडायला आला. त्याचे पाय धडधाकट होते, डोकं शाबूत होतं. तिची पिशवी खाली ठेवली, टोपी काढली, खुर्चीवर बसला, आणि परत गेलाच नाही. आठवड्यानं शेजाऱ्यानं त्याचे कपडे आणून दिले. ऊना दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नसे. नर्सनं चमचा पुढे केला की ओठ मिटायची. मॅलकी शेजारी बसून नुसता स्वतःच्या ताटातलं खाऊ लागला, की तीही खायची. दिवसातून तीनदा, चार वर्षं. त्याबद्दल त्याला कुणी चांगलं म्हटलं तर तो म्हणायचा, "मी काय करतो, मी तर फक्त जेवतो."

डॉक्टरांच्या कागदावर त्याचं उत्तर होतं, "माझ्यापायी कुणाला धावपळ नको." खाली सही, सुबक, शाळेत शिकवतात तशी. अट्रॅक्टानं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्ते खेळता खेळता पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "त्या इस्पितळाच्या गाडीवाल्यांना एवढ्या लांब कशाला बोलवायचं. तरुण माणसं असतात त्यांच्याकडे, अपघातातली." आणि हुकमाचं पान टाकून डाव घेतला. तिसरी खेप गुरुवारी ठरली होती.

मंगळवारी सकाळी मॅलकी न्याहारीला आला नाही. ताप चढला होता, श्वास करवतीसारखा वाजत होता. डॉक्टर ओरन आले, छाती ऐकली, फुप्फुसात जंतुसंसर्ग झालाय म्हणाले. इस्पितळात शिरेतून औषध आणि प्राणवायू दिला तर उतरेल, इथे ठेवलं तर बहुधा नाही. मग त्यांनी कपाटातून कागद काढला.

मी तिथे होते, कारण ऊनाच्या दलियाची वाटी माझ्याच हातात होती. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सही होती. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "बाई, मला बशा आठवतात," ते अट्रॅक्टाला म्हणाले. "पण दोनदा विचारलंय आणि दोनदा नाही म्हणालेत. सही केलेल्या माणसाला मी मनाविरुद्ध उचलून नेऊ शकत नाही. आणि असंही असेल की कॉलीबाईंसारखं त्यांना खरंच नको असेल."

"असेल," अट्रॅक्टा म्हणाली. "म्हणूनच विचारायचंय."

तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली. कारण तिसऱ्यांदा विचारायलाही रीत असते. घाई केली तर माणूस ओशाळतो, दबाव वाटला तर नुसता तुमच्यासाठी हो म्हणतो, आणि ते हो काही खरं नसतं. तिला एरवी एक अख्खी दुपार लागायची. आता जेमतेम काही मिनिटं होती, आणि मॅलकीला एका दमात तीन शब्द निघत होते.

ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. लोकर नाही, पत्ते नाहीत. तिनं त्याची घसरलेली चादर नीट करायला घेतली, मला वाटतं फक्त हाताला काहीतरी असावं म्हणून.

"मॅलकी, छातीत बिघडलंय," ती म्हणाली. "औषध आहे, पण ते इस्पितळात. आठ-दहा दिवस. बरे व्हालच असं नाही, पण होण्यासारखे आहात. इथे राहिलात तर मी त्रास होऊ देणार नाही, झोप येईल असं बघेन. दोन्ही करता येईल. गाडीवाले बसूनच आहेत, त्यांना चालवायला आवडतं. तुम्हाला काय हवंय?"

त्यानं डोळे मिटले. मग तो म्हणाला, "ऊना जेवली का?"

मला खोटं बोलायचा मोह झाला, हे कबूल करते. पण अट्रॅक्टानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी खरं ते सांगितलं. "नाही, मॅलकी. माझ्या हातची वाटी तशीच आहे."

त्यानं मान वळवली, खिडकीकडे. मग चादरीवरच्या अट्रॅक्टाच्या हाताकडे बघत, मोठ्या कष्टानं म्हणाला, "तुम्हाला… फार त्रास… होणार नसेल तर."

डॉक्टरांनी अट्रॅक्टाला कोपऱ्यात नेलं. "हे हो आहे का?" ते कुजबुजले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यापेक्षा मोठं हो या गावात अजून कुणी म्हटलेलं नाही. फोन लावा."

गाडी आली आणि मॅलकीला इस्पितळात घेऊन गेली. आता प्रश्न ऊनाचा होता. दुपारी तिनं ओठ मिटले, संध्याकाळी मिटले. दुसऱ्या दिवशी अट्रॅक्टा खुंटीवरची मॅलकीची टोपी घालून, तिच्या शेजारी बसून बटाटे-कोबी खाऊ लागली. मला हसू आवरेना म्हणून मी दाराआड गेले. ऊनानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू काही मॅलकी नाहीस," ती म्हणाली.

"नाही," अट्रॅक्टा म्हणाली. "तो बरा व्हायला गेलाय."

"मग बस," ऊना म्हणाली, आणि अर्धं ताट जेवली. अर्ध्या ताटावर आम्ही अकरा दिवस काढले. अट्रॅक्टाची सुट्टी होती त्या दोन दिवसांतही ती टोपी घालायला येत होती. बाराव्या दिवशी मॅलकी परत आला, गालफडं बसलेली, कोट खांद्यावरून लोंबणारा. जेवणाच्या खोलीत आला, आपल्या जागी बसला आणि काटा उचलला. ऊनानंही उचलला. आभार वगैरे काही मानले नाहीत त्यानं. फक्त जेवण झाल्यावर मला म्हणाला, "इस्पितळातल्या बटाट्यांबद्दल मी बोलत नाही." इतकी स्तुती मला बावीस वर्षांत मिळाली नव्हती.

ऊना ऑगस्टमध्ये गेली. तिला काही विचारण्याची वेळ टळून गेली होती, पण अजून समज होती तेव्हाच तिनं अट्रॅक्टाला सांगून ठेवलं होतं की मॅलकी असेल तिथे मला ठेव. तशी ठेवली. शेवटचे पाच दिवस ती काही खात नव्हती, तरी मॅलकी तिन्ही वेळा तिच्या पलंगाशी आपलं ताट घेऊन बसायचा. अंत्यविधीला तो उन्हात उभा राहिला, सगळ्यांचे हात हातात घेतले, प्रत्येकाला म्हणाला, "एवढ्या लांब आलात, कशाला त्रास." मग परत येऊन आपल्या जागी बसला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून जेवला.

तो आता फार दिवस काढणार नाही, हे आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. अशी माणसं पाहिलीत आम्ही. ज्याच्यासाठी जगत होते ते गेलं की दोन-चार महिन्यांत दिवा विझतो. कपडे सैल होत चालले होते. पत्त्यांना तो बसेना.

ऑक्टोबरात कागद पुन्हा नवे करायची वेळ आली. अट्रॅक्टानं मॅलकीसाठी डायरीत तीन मंगळवार आखले. पहिल्या मंगळवारी ती स्वयंपाकघरात आली, चहाचं तबक मागितलं, आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला उत्तर माहीत आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या मंगळवारी तो मला कॉलीबाईंसारखं खरं नको सांगणार. सांगू दे, त्याचा हक्क आहे. पण मला ते ऐकायचं नाही गं, कार्मेल. तीस वर्षांत पहिल्यांदाच मला विचारावंसं वाटत नाहीये."

"मग मी येते," मी म्हणाले. "वाटाणे घेऊन."

आम्ही दोघी गेलो. तो खिडकीपाशी बसला होता. अट्रॅक्टानं चहा ठेवला, मी शेंगांचं टोपलं मध्ये ठेवलं. त्यानं एक शेंग उचलली. ती हळूच म्हणाली, "मॅलकी, तो कागद पुन्हा लिहायचाय. फेब्रुवारीसारखं पुन्हा झालं, तर…"

"न्यायचं," मॅलकी म्हणाला.

अट्रॅक्टाचा हात टोपल्यातच थांबला. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"आजच ठरवायला हवं असं नाही," ती म्हणाली. सवयच ती. "विचार करा. मी पुढच्या मंगळवारी…"

"पुढच्या मंगळवारी कशाला? न्यायचं म्हणालो ना. गाडी बोलवायची, सुया टोचायच्या, असेल नसेल ते करायचं." तो शेंग सोलत होता, वर बघत नव्हता. "आधी आई होती. मग ऊना. चौऱ्याऐंशी वर्षं मी कुणाच्या तरी ताटाशेजारी जेवलो, पोरी. ऊनावर माझा जीव होता, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता मला थोडे दिवस माझे हवेत. कसे असतात ते बघायचंय."

तीस वर्षं लोकांकडून दोन-दोन नको ऐकून तिसरं उत्तर काढणारी बाई, तिच्याकडे पहिल्याच खेपेला हो म्हणणाऱ्यासाठी शब्दच नव्हते. तिनं डोळे पुसले, सरळ, माझ्यासमोर.

"खरंच ना, मॅलकी?" तिनं विचारलं.

"बहिरी झालीस काय?" तो म्हणाला. "लिही."

तिनं लिहिलं. त्यानं सही केली, तशीच सुबक. मग तो चहाकडे बघून म्हणाला की हा गार झालाय, दुसरा आणा, आणि पाव असेल तर तोही आणा, दोन तुकडे. मी उठले आणि आणायला गेले.